तिच्या शब्दाने पुढचा प्रवेश बदलतो का?

लीला बेणारेला स्वतःच्या बचावासाठी दहा सेकंद मिळतात. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’च्या तिसऱ्या अंकात न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसलेले काशीकर तेवढा अवधी मंजूर करतात, आणि त्याच क्षणी तिच्याभोवतीची सगळी माणसे जिथल्या तिथे थिजतात. मग बेणारे बोलते. कोवळ्या वयात मामाने केलेल्या फसवणुकीबद्दल बोलते, ज्याच्या बुद्धीची तिने पूजा केली त्या प्राध्यापकाला फक्त तिचे शरीर हवे होते हे सांगते, शाळेतल्या मुलांबद्दल बोलते, पोटातल्या बाळाबद्दल बोलते. प्रेक्षागृहातल्या शेवटच्या रांगेपर्यंत तिचा शब्द न् शब्द पोचतो. रंगमंचावरच्या एकाही माणसाच्या कानावर मात्र त्यातले काही पडत नाही. अवधी संपतो, माणसे हलू लागतात आणि निकाल दिला जातो. ती काही बोललीच नाही, असे धरूनच तो दिला जातो.

१९६७ साली ‘रंगायन’ने हे नाटक रंगमंचावर आणले. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे आणि बेणारे सुलभा देशपांडे यांची. विजय तेंडुलकरांच्या मनातली बेणारे मुळात गप्पच राहणार होती; तिचे स्वगत दिग्दर्शकाच्या आग्रहाखातर लिहिले गेले, ही हकीकत आपल्या नाट्यवर्तुळात अनेकदा सांगितली गेली आहे. मला ती फार मोलाची वाटते. लेखकाला आपल्या नायिकेचे मौन खरे वाटत होते आणि नाटक उभे करणाऱ्यांना तिचे बोलणे आवश्यक वाटत होते. दोघांचेही राखले जाईल असा एकच मार्ग होता: तिने बोलावे, पण कोणी ऐकू नये. तेंडुलकरांनी तो काढला, आणि मराठी रंगभूमीवर स्त्रीचे जे होत आले आहे त्याचा नेमका नकाशाच त्यातून तयार झाला.

मराठी रंगभूमीने स्त्रीच्या दुःखाकडे पाठ फिरवली, असा आरोप कोणी करू शकणार नाही. शंभरहून अधिक वर्षे ही रंगभूमी बाईसाठी रडते आहे आणि प्रेक्षकांनाही रडवते आहे. बालाजरठ विवाह, हुंडा, व्यसनी नवरा, कुमारी माता, परित्यक्ता, बलात्कार, नवऱ्याचे बाहेरचे संबंध यांतला एकही विषय तिने सोडलेला नाही. म्हणून ‘आधुनिक नाटकात स्त्रीच्या व्यथेला स्थान आहे का’ हा प्रश्न मला निरुपयोगी वाटतो. स्थान भरपूर आहे. विचारायचे आहे ते वेगळेच. नाटकातली बाई बोलली, की तिच्या बोलण्याने पुढचा प्रवेश बदलतो का? रंगमंचावरच्या कोणाला तरी त्या बोलण्याचे उत्तर द्यावे लागते का? की तिचे बोलून होते, आपले डोळे पुसून होतात आणि कथानक जिथे जायचे तिथेच जाते?

ही कसोटी हातात घेऊन मागे गेले की ओळखीची नाटके वेगळी दिसू लागतात.

गोविंद बल्लाळ देवलांचे ‘शारदा’ १८९९ सालचे. पैशाच्या लोभाने कांचनभट आपली पोर म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या गळ्यात बांधायला निघतो. शारदा आईजवळ रडते, मैत्रिणींजवळ मन मोकळे करते, इंदिराकाकू नवऱ्यापुढे पदर पसरते. नाटकात या मायलेकींची दैना इतक्या आर्ततेने आली आहे, की त्या काळच्या समाजाला ती बोचल्याशिवाय राहिली नाही. पण लग्न मोडते ते कशामुळे? वधूवरांचे गोत्र एक निघते म्हणून. मुलगी ‘नको’ म्हणते हे पुरेसे कारण ठरत नाही. शास्त्र ‘नको’ म्हणते तेव्हा मांडव हलतो. देवल सुधारक वृत्तीचे होते, त्यांची कणव अस्सल होती याबद्दल मला शंका नाही. पण मुलीच्या नकाराला निर्णायक वजन देणे त्या कणवेलाही झेपले नाही.

वीस वर्षांनी सिंधू आली. १९१९च्या फेब्रुवारीत बडोद्यात ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग झाला, तेव्हा नाटककार राम गणेश गडकरी जाऊन महिनाही झाला नव्हता. तिचा नवरा सुधाकर दारूपायी वकिली घालवतो, घर घालवतो. सिंधू माहेरची मदत नाकारते, लोकांची दळणे दळते, मूल गमावते आणि शेवटी स्वतः जाते. मरता मरता ती एकदाच ठामपणे काही सांगते आणि त्या सांगण्याचा परिणामही होतो. ते सांगणे खोटे असते, नवऱ्याला कायद्याच्या हातून वाचवण्यासाठी केलेले. सिंधूच्या शब्दाला नाटकात किंमत येते ती फक्त इथे: नवऱ्यासाठी, सत्याच्या विरुद्ध. आणि ही सिंधू साकारत होते बालगंधर्व. दुःख सोसावे कसे, पदर सावरावा कसा, लुगड्याला ठिगळे असली तरी खानदानीपण दिसावे कसे, याचे धडे महाराष्ट्रातल्या बायकांनी एका पुरुषाकडून घेतले. बालगंधर्वांची थोरवी यात कमी होत नाही. पण त्या काळात स्त्रीची आदर्श प्रतिमा लिहिणारा पुरुष, ती अंगावर वागवणारा पुरुष, आणि घरी जाऊन तिच्याशी बायकोची तुलना करणाराही पुरुषच होता, हे विसरून कसे चालेल?

त्याच काळात बायका गप्प बसल्या होत्या असेही नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७ साली ‘बायकांचे बंड’ लिहिले. पुराणकथेतल्या प्रमिलेच्या स्त्रीराज्याचा आधार घेऊन स्त्रीस्वातंत्र्याच्या नव्या वाऱ्याला त्यात चिमटे काढले होते. त्याला उत्तर म्हणून गिरिजाबाई केळकरांनी ‘पुरुषांचे बंड’ लिहिले, ते १९१३ साली. एका बाईने एका प्रतिष्ठित नाटककाराला लेख लिहून नव्हे, नाटक लिहून उत्तर दिले! पुढे १९२८ साली याच गिरिजाबाई नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. खाडिलकरांचे नाव शाळकरी मुलालाही ठाऊक असते. गिरिजाबाईंचे नाव नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही आठवावे लागते.

हिराबाई पेडणेकरांची गोष्ट याहून बोलकी आहे. त्या कलावंतीण घराण्यातल्या, सावंतवाडीकडच्या. गाणे शिकलेल्या, साहित्याची उत्तम जाण असलेल्या. ‘जयद्रथ विडंबन’ आणि ‘दामिनी’ ही नाटके त्यांनी लिहिली. त्यातले ‘दामिनी’ केशवराव भोसल्यांच्या ‘ललितकलादर्श’ने १९१२ साली रंगभूमीवर आणले. म्हणजे ज्या काळात बायकांना रंगमंचावर उभे राहण्याची सोय नव्हती, त्या काळात एका बाईचे नाटक नामवंत मंडळीने केले. पुढे सत्तरच्या दशकात वसंत कानेटकरांनी हिराबाईंच्या आयुष्यावर ‘कस्तुरीमृग’ लिहिले. आज हिराबाई कोणाला ठाऊक असल्याच, तर बहुधा या नाटकामुळे. म्हणजे नाटककार म्हणून त्या विस्मरणात गेल्या आणि पात्र म्हणून परत आल्या. ज्या बाईने स्वतः प्रवेश रचले, संवाद लिहिले, शेवट ठरवले, तिची आठवण आपण ठेवली ती तिच्या वाट्याला आलेल्या उपेक्षेची करुण कहाणी म्हणून, आणि तीही दुसऱ्याने लिहिलेली. कानेटकरांनी हे आस्थेने केले. दोष त्यांचा नाही. दुःख भोगणारी बाई आपल्याला लवकर जवळची वाटते, लिहिणारी बाई वाटत नाही, ही आपली सवय आहे.

१९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ केले आणि खरी उलथापालथ झाली. ज्योत्स्ना भोळे आणि पद्मा वर्तक या स्त्रिया स्त्रीभूमिकांत उभ्या राहिल्या. बियर्नसन या नॉर्वेच्या नाटककारावरून घेतलेल्या या नाटकाची नायिका लग्नाआधी पुरुषाकडूनही त्याच चारित्र्याची अपेक्षा करते, जे तिच्याकडून अपेक्षिले जाते. १९४१ साली अनंत काणेकरांनी इब्सेनच्या नोराला ‘घरकुल’मधून मराठीत आणले. १९४२ साली मो. ग. रांगणेकरांच्या ‘कुलवधू’त ज्योत्स्नाबाईंची भानुमती घर सोडून बाहेर पडली. ती कमावती अभिनेत्री, आणि नवऱ्याला खुपते ती तिची कीर्ती. दार ओलांडणे ही त्या वेळी मोठीच गोष्ट होती. पण दार ओलांडल्यावर पडदा पडतो. बाहेर पडलेल्या बाईने रात्र कुठे काढली, भाडे कसे भरले, लोकांशी कशी वागली, हे दाखवण्याइतका मुक्काम नाटक तिच्याजवळ करत नाही. घरात राहून झिजणे आणि घराबाहेर पडणे यांच्या पुढचा अंक बराच काळ कोरा राहिला.

तेंडुलकरांनी हा अंक भरला असे मी म्हणणार नाही. त्यांनी केले ते निराळे. बाईचे म्हणणे कोणी का ऐकत नाही, ही यंत्रणा त्यांनी उघडी करून दाखवली. बेणारेच्या खटल्यातली सर्वांत महत्त्वाची व्यक्ती म्हणजे प्राध्यापक दामले. तो नाटकात येतच नाही. त्याच्या नावाची चर्चा होते, त्याच्या गैरहजेरीची नोंद होते, आणि तेवढ्यावर त्याचे भागते. आरोप भ्रूणहत्येचा आहे, उलटतपासणी बाईच्या वयाची, लग्नाची, कोणाशी काय बोलली याची आहे, आणि शिक्षा आहे पोटातला गर्भ नष्ट करण्याची! जो गुन्हा म्हणून तिला पिंजऱ्यात उभे केले, तोच करण्याचा हुकूम. गर्भपाताला कायद्याची मुभा देणारा अधिनियम १९७१ साली आला. १९६७च्या या न्यायासनाने तर सरळसरळ गुन्ह्याचाच आदेश दिला होता. अविवाहित स्त्रीलाही विवाहितेइतकाच, चोवीस आठवड्यांपर्यंत, गर्भपाताचा अधिकार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले ते सप्टेंबर २०२२ मध्ये. मधल्या पंचावन्न वर्षांत बेणारेचे प्रयोग होत राहिले. नाटक शिळे झाले नाही, याचा नाटकवाल्यांना अभिमान वाटावा आणि बाकीच्यांना लाज.

‘सखाराम बाइंडर’ १९७२ सालचे. कमलाकर सारंगांचे दिग्दर्शन, निळू फुल्यांचा सखाराम, लालन सारंगांची चंपा. सेन्सॉरने अडवले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि नाटकवाले जिंकले. त्या गदारोळात चर्चा झाली ती शिव्यांची, दारूची, चंपा रंगमंचावर लुगडे बदलते त्याची. नाटकात खरोखर अश्लील काय होते, ते बाजूलाच राहिले. सखाराम लग्नसंस्थेला शिव्या घालतो आणि नवऱ्याने टाकलेल्या बायका घरात आणून ठेवतो. प्रत्येकीला पहिल्याच दिवशी नियम ऐकवतो. घरात कसे राहायचे, बाहेर कोणाशी बोलायचे नाही, त्याला काय काय लागते. लग्नाविरुद्ध एवढी ओरड करणारा हा माणूस लग्नातले सगळे हक्क ठेवतो आणि जबाबदाऱ्या तेवढ्या काढून टाकतो. चंपा दारू पिऊन स्वतःला बधिर करते तेव्हाच त्याला अंगाला हात लावू देऊ शकते. ज्या गोष्टीला आपल्या कायद्याने आजही नवराबायकोच्या नात्यात बलात्कार म्हटलेले नाही, ती गोष्ट तेंडुलकरांनी तेव्हा नाव न घेता समोर ठेवली होती.

पण माझी कसोटी इथे लावली तर हाती लागते ते फार कडू आहे. चंपाच्या नकाराने काही बदलत नाही. सखारामने तिच्याआधी आणलेल्या लक्ष्मीच्या विनवण्यांनी काही बदलत नाही. लक्ष्मीच्या शब्दाला वजन येते ते एकाच वेळी: ती चंपाचे दाऊद या त्याच्या मित्राशी असलेले संबंध सखारामला सांगते तेव्हा. त्या एका वाक्यावर पुरुष तत्काळ विश्वास ठेवतो, तत्काळ कृती करतो. चंपाचा खून होतो आणि प्रेत पुरायला लक्ष्मी पुढे होते. सिंधूचा शब्द चालला तो नवऱ्यासाठी, लक्ष्मीचा चालला तो दुसऱ्या बाईविरुद्ध. मधल्या पन्नास वर्षांत भाषा बदलली, वस्ती बदलली, नायकाचा वर्ग बदलला. बाईचे ऐकून घेण्याची अट तीच राहिली.

‘कमला’ (१९८१) हे तेंडुलकरांचे त्या मानाने साधे नाटक समजले जाते. मला ते या प्रश्नापुरते सर्वांत नेमके वाटते. पत्रकार अश्विनी सरीन यांनी बाई विकत घेऊन छापलेल्या बातमीचा त्याला आधार होता. नाटकातला जयसिंग जाधव अडीचशे रुपयांत कमलाला विकत घेऊन दिल्लीच्या घरी आणतो, पत्रकार परिषदेत उभी करण्यासाठी. या घरात फोन सतत वाजतो. जयसिंगची बायको सरिता तो उचलते आणि कोणाचा आला, केव्हा आला, हे टिपून ठेवते. एखादे नाव राहिले की जाब तिलाच. ती सुशिक्षित आहे, चांगल्या घरातली आहे आणि स्वतःच्याच घरात टेलिफोन ऑपरेटर आहे. मग एका रात्री कमला तिला सहज विचारते, साहेबांनी तुला केवढ्याला घेतले? सरिता आधी गोंधळते, मग एक आकडा सांगून टाकते. त्यावर कमला हिशेब मांडते: तू शिकलेली, तू लिहिण्यावाचण्याचे बघ आणि साहेबांबरोबर बाहेर जा, मी घरातले करते, आणि महिन्याचे पंधरा दिवस तुझे, पंधरा माझे. तिच्या बोलण्यात कुचेष्टा नाही, मत्सर नाही. एकाच मालकाच्या दोघी, मग भांडायचे कशाला, हा तिचा सरळ विचार. मराठी नाटकात एका बाईच्या बोलण्याने दुसऱ्या बाईचे डोळे उघडतात, असा हा विरळा प्रसंग आहे. बोलणारी निरक्षर आदिवासी आहे आणि शिकणारी पदवीधर, हेही विसरू नये.

सरिता ठरवते की आता पत्रकार परिषद आपण घ्यायची, आणि गुलाम बाळगणाऱ्या माणसाचे नाव जगाला सांगायचे. नेमकी तेव्हाच जयसिंगची नोकरी जाते. तो खचलेला, प्यायलेला, आणि ती आपला निर्णय पुढे ढकलते. एक दिवस येईल, या भरवशावर. तेंडुलकर इथे प्रामाणिक आहेत. घरोघर असेच होते. बाईचा हक्काचा दिवस नवऱ्याच्या अडचणीपुढे नेहमीच उद्यावर जातो. दोन वर्षांनी आलेल्या ‘कन्यादान’मध्ये ज्योती वडिलांसमोर उभी राहून त्यांच्या आदर्शवादाचा पंचनामा करते, नाथ देवळालीकर निरुत्तर होतात, पण जाते ती मारणाऱ्या नवऱ्याकडेच. जातिनिर्मूलनाचा प्रयोग बापाचा, आणि प्रयोगशाळा मुलीचे शरीर. ज्योतीच्या नवऱ्याच्या, अरुण या दलित तरुणाच्या, चित्रणावर जे आक्षेप आले त्यांत तथ्य आहे असे मला वाटते. नवऱ्याची हिंसा हे एका जातीचे लक्षण वाटावे, इतका एकच अरुण समोर ठेवणे न्याय्य नव्हते. बाईची दैना दाखवताना दुसऱ्या पीडितांवर अन्याय होऊ शकतो, याचे ते उदाहरण आहे.

ऐंशीच्या दशकाच्या आरंभी जयवंत दळवींचे ‘पुरुष’ आले. मथुरा बलात्कार प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९७८चा, त्यानंतर देशभर उठलेले आंदोलन आणि १९८३ची कायदादुरुस्ती, या सगळ्याच्या ऐन धगीत. शिक्षिका अंबिका आणि तिच्यावर बलात्कार करणारा पुढारी गुलाबराव. कायदा, पोलीस, प्रियकर कोणीच कामी येत नाही, तेव्हा ती त्याचे पुरुषत्वच हिरावून घेते. अशा शेवटाने प्रेक्षक सुखावतो. मला मात्र हा शेवट विजयाचा वाटत नाही. हत्यार उचलावे लागते, कारण शब्द संपूर्ण निकामी ठरला आहे. अंबिकेने खरे सांगितले, पुन्हा पुन्हा सांगितले, आणि एकाही व्यवस्थेला त्याचे उत्तर द्यावेसे वाटले नाही. बेणारे आणि अंबिका या दोघींचा रोग एकच आहे. एक कोसळते, एक वार करते.

महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’ला (१९८५) स्त्रीवादी नाटक कोणी म्हणत नाही, पण त्यातली प्रभा मला या साऱ्याजणींइतकीच छळते. हुशार होती, पुढे शिकायचे होते, वडिलांनी, तात्याजींनी, शिकू दिले नाही. तिच्यावर बलात्कार होत नाही, तिला कोणी मारत नाही. वाड्यात तिला दोन वेळचे जेवण आहे आणि काही करायला नाही. मोठमोठे अत्याचार पाहून पेटून उठणाऱ्या प्रेक्षकाने प्रभाकडे पाहावे. महाराष्ट्रातल्या किती घरांत अशी एक आत्या, एक मावशी माळ्यावरच्या सामानासारखी आयुष्यभर राहिली, आणि तिचे काय चुकले हे कोणी विचारलेही नाही.

मग १९९१ साल उजाडले. प्रशांत दळवींचे ‘चारचौघी’, दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी. विवाहित पुरुषाशी नाते ठेवून, लग्नाशिवाय तीन मुली वाढवलेली शिक्षिका आई, आणि त्या तिघी. नवऱ्याचे दुसरीकडे संबंध आहेत हे कळल्यावर मोठी विद्या आईच्या घरी येते आणि त्याच्याशी फोनवर बोलते. तो संवाद बराच काळ चालतो. वंदना गुप्ते यांनी तो अजरामर केला. २०२२ साली नाटक पुन्हा आले तेव्हा मुक्ता बर्वे यांनी नव्या पिढीसमोर तो उभा केला. नवरा दिसत नाही, त्याचा आवाज येत नाही. दामलेप्रमाणे तोही पडद्याआडच. पण इथे एक मूलभूत फरक आहे. तो फोनच्या दुसऱ्या टोकाला आहे. तो ऐकतो आहे. त्याला उत्तरे द्यावी लागत आहेत, आणि ती किती लंगडी आहेत हे विद्याच्या पुढच्या वाक्यावरून आपल्याला कळते. ती मध्येच थांबते, ऐकते, तुटते, सावरते, त्याचे एकेक कारण खोडून काढते. दहा वर्षांपूर्वी सरिता फोनपाशी होती ती नवऱ्याचे निरोप टिपण्यासाठी. विद्या त्याच यंत्रावर स्वतःचे म्हणणे मांडते. आणि संवाद संपतो तेव्हा घरातली परिस्थिती पूर्वीची राहिलेली नसते. स्वगत आणि संवाद यांतले अंतर कापायला आपल्या व्यावसायिक रंगभूमीला बेणारेनंतर चोवीस वर्षे लागली.

इथपर्यंतचे जवळजवळ सगळे लेखक पुरुष आहेत, आणि नायिका मुख्यतः पांढरपेशा. या चौकटीबाहेर जे घडले त्याची नोंद नाट्यसमीक्षेने नेहमी घाईत घेतली. स्त्रीमुक्ती संघटनेसाठी ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेले ‘मुलगी झाली हो’ १९८३ सालचे. नेपथ्य नाही, तिकीटबारी नाही, गाणी म्हणत उभ्या राहिलेल्या कार्यकर्त्या बायका, आणि प्रयोग वस्तीत, गावात, चौकात, जिथे जागा मिळेल तिथे. कलात्मकदृष्ट्या ते ढोबळ आहे, असे म्हणणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे. तिथे पात्राच्या शब्दाला उत्तर द्यायला रंगमंचावरचे कोणी नसले तरी समोर बसलेली बाई होती. १९८९ पासून सुषमा देशपांडे ‘व्हय, मी सावित्रीबाई’ हा एकपात्री प्रयोग करत आल्या. तो सभागृहाइतकाच गावच्या शाळेतही उभा राहतो. त्यांनीच तमाशातल्या स्त्रियांच्या आयुष्यावर ‘तिच्या आईची गोष्ट’ उभे केले. ज्या बायकांच्या नाचण्यावर मराठी करमणुकीचा एवढा डोलारा उभा राहिला, त्यांना स्वतःबद्दल बोलण्यासाठी रंगमंच मिळायला विसाव्या शतकाचे शेवटचे दशक यावे लागले.

एक आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो हलका नाही. नाटक म्हणजे अर्ज नव्हे, ठराव नव्हे. समाजात बाईचे कोणी ऐकत नसेल तर नाटकाने ते ऐकले जाते असे खोटे का दाखवावे? बेणारेचे न ऐकले जाणे हेच तर सत्य आहे. मला हे पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच तेंडुलकरांना स्त्रीद्वेष्टे म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. त्यांनी बाईचे मौन सजवले नाही, ते लादणाऱ्यांचे चेहरे दाखवले. काशीकर, सुखात्मे, पोंक्षे, रोकडे हे कोणी राक्षस नव्हेत. खेळ म्हणून सुरू केलेल्या खटल्यात हळूहळू तोंडाला रक्त लागलेली, आपल्या शेजारची माणसे आहेत ती. बिघडले ते पुढे. आपण त्यांच्या नाटकातला सोपा तुकडा उचलला आणि अवघड तुकडा ठेवून दिला.

एकपात्री अभिनयाच्या स्पर्धांत बेणारेचे स्वगत मी अनेकदा ऐकले आहे. एकटी मुलगी, एक प्रकाशझोत, जीव ओतून म्हटलेले शब्द, शेवटी टाळ्या. भोवती थिजलेली ती सात-आठ माणसे मात्र कापून टाकलेली असतात. ती माणसे नसतील तर त्या स्वगताचा अर्थ काय उरतो? एका दुःखी बाईचे दुःख, एवढाच. अन्याय करणारे गाळले की अन्यायाचे नुसते दैव होते. गेल्या कित्येक वर्षांत व्यावसायिक नाटकांतून असे ‘टाळ्या घेणारे’ बाईचे भाषण ठरून गेले आहे. दुसऱ्या अंकाच्या शेवटी नायिका तडाखेबंद बोलते, नवरा मान खाली घालतो, सभागृह दुमदुमते, आणि पुढच्या प्रवेशात तीच चहा घेऊन येते. त्याच आठवड्यात दुसऱ्या नाट्यगृहात बायकोच्या बडबडीवर, जाडीवर, माहेरावर कोट्या करणारे विनोदी नाटक भरलेले असते, आणि हसणाऱ्यांत बायकाही असतात. दोन्ही नाटके बाईचे म्हणणे एकाच पद्धतीने निकालात काढतात, एक टाळ्यांनी आणि दुसरे हशाने.

रंगमंचाच्या मागेही पाहावे. लालन सारंगांनी चंपा केली तेव्हा भूमिकेचा बट्टा अभिनेत्रीला लावणारी माणसे कमी नव्हती. तसा तो सखाराम करणाऱ्याला लागला नाही. आजही दौऱ्यावरच्या अभिनेत्री नाट्यगृहांतल्या स्वच्छतागृहांबद्दल, मेकअप रूमच्या अवस्थेबद्दल जाहीरपणे बोलतात, छायाचित्रे टाकतात, चार दिवस बातम्या होतात. स्त्रीच्या व्यथेवरचे नाटक करून उतरलेल्या बाईला धड संडास मिळू नये, याला मी किरकोळ तक्रार मानत नाही. तिच्या शब्दाने पुढचे काही बदलते का, हाच प्रश्न इथेही उभा आहे.

आशा वाटावी असे काही घडते आहे ते तरुण मुलींच्या लेखनात. मनस्विनी लता रवींद्र, इरावती कर्णिक यांच्या पिढीने बाईला केवळ सोसणारी किंवा केवळ बंडखोर ठेवले नाही. तिला चुकायची, गोंधळायची, स्वार्थी असण्याची मुभा दिली. एकांकिका स्पर्धांतून दर वर्षी मुली लिहितात, दिग्दर्शन करतात, बक्षिसे घेतात. त्यांतल्या किती जणींचे दोन अंकी नाटक एखादा निर्माता शनिवार-रविवारच्या प्रयोगांना लावतो? पैसा आणि तारखा ज्यांच्या हातात आहेत त्यांना ही पुढची पायरी मुलींसाठी बांधावीच लागेल.

निर्मात्यांनी आणि स्पर्धांच्या परीक्षकांनी संहिता वाचताना नायिकेचे भाषण किती प्रभावी आहे हे जरूर पाहावे, पण त्यानंतरचे पान उलटून तिथे काय बदलले तेही पाहावे. स्वगत सादर करणाऱ्या मुलींना शिक्षकांनी संपूर्ण नाटक वाचायला लावावे, काशीकरांसकट. आणि एवढे जुने ठेवे आपण पुन्हा पुन्हा रंगमंचावर आणतो, ‘शारदा’ करतो, ‘एकच प्याला’ करतो. तर कोणा संस्थेने एकदा ‘पुरुषांचे बंड’ आणि ‘दामिनी’ ही नाटकेही काढून, वाचून, हवी तर संपादित करून, प्रयोगाला उभी करावीत. हिराबाई पेडणेकरांवरचे नाटक आपण पाहिले. आता हिराबाई पेडणेकरांचे नाटक पाहायचे आहे.